वाचकांचे प्रश्न : रोहिणी हट्टंगडी आणि तिशीत पेललेलं म्हातारपण

रोहिणी हट्टंगडी यांच्या कामाविषयी आलेल्या पत्रांमध्ये काहींना सनावळी आणि पुरस्कार पक्के करून हवे आहेत. पण बरीचशी पत्रं हौशी नाटकात स्वतः उभं राहणाऱ्यांची आहेत आणि त्यांना ‘हे केलं कसं’ ते हवं आहे. या दुसऱ्या प्रश्नांना इथे जास्त जागा दिली आहे, कारण या अभिनेत्रीची खरी ताकद तिथेच कळते.

‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबा करताना त्यांचं वय नेमकं किती होतं? ‘सारांश’मधली पार्वती करताना किती? घरात यावरून वाद झाला आहे. (पुणे)

त्यांचा जन्म ११ एप्रिल १९५१ चा, पुण्यातला. माहेरच्या त्या ओक. ‘गांधी’चं चित्रीकरण २६ नोव्हेंबर १९८० ला सुरू झालं आणि १० मे १९८१ ला संपलं. म्हणजे सुरुवातीला त्या २९ वर्षांच्या होत्या आणि त्यांची तिशी चित्रीकरण चालू असतानाच उलटली. कस्तुरबांचा जन्म १८६९ चा आणि मृत्यू २२ फेब्रुवारी १९४४ चा, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेत. चित्रपटाची गोष्ट दक्षिण आफ्रिकेपासून सुरू होत असल्यामुळे ऐन तारुण्यापासून ७४ पर्यंतचं आयुष्य एकाच अभिनेत्रीला दाखवायचं होतं.

‘सारांश’ १९८४ चा. तेव्हा त्या ३३ वर्षांच्या होत्या आणि तरुण मुलगा गमावलेल्या वृद्ध आईचं काम करत होत्या. त्यांच्या पतीच्या भूमिकेतले अनुपम खेर तर त्यांच्याहूनही लहान. १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, आणि बच्चन त्यांच्यापेक्षा साडेआठ वर्षांनी मोठे आहेत. घरातला वाद आता मिटावा.

पुरस्कारांच्या याद्यांमध्ये साल जुळत नाहीत. कोणता पुरस्कार कशासाठी? (नाशिक)

घोळ बहुतेक वेळा एकाच कारणाने होतो : कोणी चित्रपटाचं साल लिहितं, कोणी समारंभाचं. ‘गांधी’ १९८२ चा, त्यासाठीचा ब्रिटिश अकादमीचा म्हणजे बाफ्टाचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार १९८३ च्या समारंभात मिळाला. तो विभागून होता. ‘रेड्स’मधल्या कामासाठी मॉरीन स्टेपलटन या दुसऱ्या मानकरी. सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार ‘पार्टी’साठी, १९८४ च्या चित्रपटांमधून. फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार दोनदा, ‘अर्थ’ आणि ‘अग्निपथ’साठी. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार २००४ चा, आणि तो रंगभूमीवरच्या कामाचा आहे. तो चित्रपटांच्या यादीत घालू नये.

मी २४ वर्षांची आहे. राज्य नाट्य स्पर्धेत ७० वर्षांच्या आजीचं काम मिळालं आहे. रोहिणीताईंचं पाहून हिंमत केली, पण तालमीत सगळे हसतात. रंगभूषा झाली की ठीक होईल का? (सांगली)

नाही. रंगभूषेवर भिस्त ठेवून थांबलात तर प्रयोगालाही हसतील. ‘सारांश’ पुन्हा लावा आणि पार्वती उठते कशी, बसते कशी, एखादी वस्तू घ्यायला हात कुठून नेते एवढंच बघा. केस पिकवलेले आहेत, साडी साधी आहे, पण वय दिसतं ते हालचालीतल्या काटकसरीत. जी हालचाल टाळता येते ती ती बाई करतच नाही. वाकलेली कंबर आणि थरथरता हात यांच्या मागे ही अभिनेत्री लागली नाही, म्हणून ती म्हातारी वाटते.

तालमीला रंगभूषेशिवाय, या क्रमाने लागा.

आधी वय नक्की करा. ‘म्हातारी’ असं काही वय नसतं. ६० ची बाई घरभर फिरते आणि फक्त जिना चढताना थांबते; ८० ची बाई खुर्चीतून उठायचं की नाही याचा आधी विचार करते. तुमच्या आजीला नेमकं काय दुखतं ते ठरवा : उजवा गुडघा की कंबर की खांदा. दुखणं एकच घ्या. सगळं अंग एकदम दुखायला लागलं की सोंग होतं.

मग उठणं. तरुण माणूस पुढे झुकून एका झटक्यात उभा राहतो. म्हातारं माणूस आधी खुर्चीच्या कडेपर्यंत सरकतं, पावलं मागे ओढतं, हात मांडीवर किंवा खुर्चीच्या हातावर टेकवतं आणि मग जोर लावतं. जोर हातांतून येतो, मांड्यांतून नाही. उभं राहिल्यावर क्षणभर थांबतं, तोल आला की पहिलं पाऊल टाकतं. बसताना पोटऱ्यांना खुर्चीचा स्पर्श झाल्याशिवाय बसत नाही. हात मागे नेऊन चाचपतं, सावकाश खाली येतं आणि शेवटच्या चार बोटांच्या अंतरात मांड्यांची ताकद संपून धपकन टेकतं. हा शेवटचा धपका नवख्या मुली विसरतात. त्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारख्या हळू बसतात, आणि तेवढ्यावरून कळतं की मांड्या तरुण आहेत.

चालताना दोन पावलांतलं आडवं अंतर थोडं वाढवा, कारण तोल सांभाळायचा असतो. पाऊल छोटं, जमिनीपासून फार न उचलता. वळताना मान एकटी वळत नाही. खांदे आणि कंबर बरोबर येतात, आणि पूर्ण मागे वळायला चार-पाच छोटी पावलं लागतात. कोणी मागून हाक मारली तर आधी ऐकू येणं, मग वळायचं ठरवणं, मग वळणं असे तीन वेगळे टप्पे करा. दिग्दर्शकाला सांगून त्या वाक्यांमध्ये तेवढी जागा मागून घ्या. ती नाही मिळाली तर सहकलाकाराचं वाक्य तुमच्या अंगावर येईल, तुम्ही घाईत गर्रकन वळाल आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाईल.

आवाजाबद्दल एक समज काढून टाका. म्हातारी म्हणजे बारीक, चिरकी, कापरी असं हौशी नाटकात धरून चालतात. प्रत्यक्षात बायकांचा आवाज पन्नाशीनंतर साधारणपणे खाली उतरतो, जाडसर होतो. पुरुषांचा उतारवयात थोडा वर जातो. तेव्हा तुमची पट्टी किंचित खाली आणा. घसा आवळून खरखर काढू नका. वीस मिनिटांत खोकला येईल आणि दुसऱ्या अंकात आवाज उरणार नाही. वय श्वासात दाखवा. संहितेवर पेन्सिलीने श्वासाच्या खुणा करा. तुम्ही एरवी जे वाक्य एका दमात म्हणता ते आजी दोन किंवा तीन दमांत म्हणेल, पण वाटेल तिथे तोडणार नाही. अर्थाच्या जागी तोडेल. दोन तुकड्यांच्या मधे चेहरा रिकामा पडू देऊ नका, विचार चालूच असतो.

शेवटी, हातांना काम द्या. तांदूळ निवडणं, वाती वळणं, काहीही. पण ते खरंच येईपर्यंत शिका. ‘गांधी’साठी रोहिणी हट्टंगडी यांना चरख्यावर सूत कातायला शिकावं लागलं ते याच कारणाने. कातताना उजवा हात चाक फिरवतो, डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळकटी असते आणि तो हात चातीपासून, म्हणजे धागा ज्यावर गुंडाळतात त्या सळईपासून, मागे मागे जातो. चाकाच्या वेगापेक्षा हात भरभर मागे गेला तर पीळ पुरत नाही आणि धागा तुटतो; रेंगाळला तर पीळ जास्त पडून धाग्याला गुंडाळ्या पडतात. हातभर धागा झाला की हाताचा कोन बदलून तो चातीवर गुंडाळायचा आणि पुन्हा सुरुवात. हे सगळं चालू असताना संवाद बोलायचे. धाग्याकडे बघत बोललं की शिकाऊपण दिसतं. न बघता बोलता यायला लागलं की प्रेक्षकाला चरखा दिसेनासा होतो आणि बाई दिसते. तुमच्या वातींनाही हेच लागू. तालमीच्या पहिल्या दिवसापासून खरा कापूस हातात ठेवा, रंगीत तालमीपर्यंत थांबू नका.

रंगमंचावरची आणि कॅमेऱ्यासमोरची वृद्धत्वाची रंगभूषा सारखीच असते का? आमच्या गटात सगळं आम्हीच करतो. (चिपळूण)

सारखी नसते. रंगमंचावर प्रेक्षक लांब बसतो आणि दिवे समोरून, वरून येतात. पंधराव्या रांगेतून बारीक सुरकुती दिसत नाही. दिसतात ते खड्डे आणि उंचवटे. म्हणून रेघांपेक्षा छटा महत्त्वाच्या. डोळ्यांच्या खोबणीत, गालाच्या हाडाखाली, कानशिलावर आणि गळ्याच्या दोन शिरांच्या मधे बेसपेक्षा, म्हणजे चेहऱ्याला आधी लावलेल्या मूळ रंगापेक्षा, दोन छटा गडद तपकिरी. गालाचं हाड, नाकाचा दांडा आणि भुवईचं हाड यांवर बेसपेक्षा उजळ. कडा बोटाने विरघळवून टाका.

सुरकुत्या काढायच्याच असतील तर आधी चेहऱ्याला कपाळावर आठ्या घालायला, हसायला सांगा, जिथे खरी घडी पडते तिथेच खूण करा आणि तपकिरी रेघेच्या शेजारी एक उजळ रेघ द्या. काळी पेन्सिल कधीच वापरू नका. प्रकाशात ती चेहऱ्यावर मारलेल्या पट्ट्यांसारखी दिसते.

केसांना पावडर थापणं ही सर्रास होणारी चूक. पावडर निळसर दिसते, सगळीकडे सारखीच बसते आणि पहिल्याच मिठीत समोरच्याच्या खांद्यावर उतरते. पांढरा रंग जुन्या टूथब्रशवर अगदी थोडा घेऊन कानशिलं, भांग आणि कपाळाची कड एवढ्याच ठिकाणी केसांच्या दिशेने ओढा. भुवयांवर उलट दिशेने, हलक्या हाताने. आणि हात! चेहरा सत्तरीचा आणि पदर सावरणारे हात विशीचे, हे पुढच्या पाच रांगांना हमखास दिसतं. बोटांची पेरं आणि मनगटाच्या शिरा यांच्यामध्ये गडद छटा द्या, नेलपॉलिश काढा.

कॅमेऱ्याला रंगवलेली सुरकुती चालत नाही, क्लोजअपमध्ये रेघ रेघच दिसते. तिथे द्रवरूप लॅटेक्स वापरतात. कातडी दोन बोटांनी ताणून धरायची, स्पंजने पातळ थर द्यायचा, हेअर ड्रायरच्या गार हवेने वाळवायचा, पावडर मारायची आणि मगच कातडी सोडायची. सोडल्यावर थर आक्रसतो आणि खरी वळी पडते. दोन ते तीन थर पुरतात. पावडर मारायच्या आधी सोडलं तर लॅटेक्स स्वतःलाच चिकटतं आणि सगळं काढून पुन्हा करावं लागतं. भुवया आणि केसांच्या कडेला लावायचं नाही, काढताना केस उपटले जातात. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ तास बघा. रबराची ॲलर्जी असणारे काही जण निघतात, आणि त्यांना हे अजिबात लावू नये.

चित्रपट तुकड्यातुकड्यांत, उलटसुलट क्रमाने चित्रित होतो. मग तारुण्य ते मृत्यू हा प्रवास अभिनेत्री सांभाळते कशी? (मुंबई)

कागदावर. नाटकात अडीच तास सलग मिळतात, वय आपोआप चढत जातं. चित्रपटात सकाळी ७० व्या वर्षातला प्रसंग आणि दुपारी चाळिशीतला येऊ शकतो, कारण जागा आणि प्रकाश तसा मिळालेला असतो. म्हणून अशा भूमिकेसाठी एक तक्ता करावा लागतो. प्रत्येक प्रसंगापुढे साल, त्या सालातलं वय, तब्येत, लगेच आधी काय घडलं आणि त्याच्याही आधी चित्रित झालेला भाग कुठे थांबला. कस्तुरबांसारख्या ऐतिहासिक व्यक्तीसाठी तक्त्याचा सांगाडा इतिहासच देतो : १८९७ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत उतरणं, १९१५ मध्ये कायमचं परतणं, १९४२ ची अटक, १९४४ चा मृत्यू. मधल्या जागा अभिनेत्रीने भरायच्या. हे केलं नाही तर प्रत्येक प्रसंग वेगवेगळा बरा दिसतो आणि जोडल्यावर बाई ६० ची ५० ची ६५ ची अशी मागेपुढे होत राहते. संकलनाच्या टेबलावर ते दुरुस्त होत नाही.

यात सातत्याचा किचकट भागही येतो. पदर कोणत्या खांद्यावरून कुठे खोचला होता, पेला कोणत्या शब्दाला उचलला. ते टिपायला सहायक असतो, पण चांगली अभिनेत्री हालचाल शब्दाला बांधून ठेवते, म्हणजे पाचव्या टेकलाही हात त्याच अक्षरावर उठतो. रोजच्या प्रयोगाची सवय असलेल्यांना हे सोपं जातं.

त्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात काबुकी हे जपानी नृत्यनाट्य आणि कर्नाटकातलं यक्षगान शिकल्या असं वाचलं. वास्तववादी अभिनयात त्याचा काय उपयोग? (धारवाड)

पुष्कळ. इब्राहिम अल्काझी संचालक असतानाच्या काळात त्या दिल्लीला होत्या आणि १९७४ मध्ये तिथून बाहेर पडल्या. पुढे त्यांचे पती झालेले दिग्दर्शक जयदेव हट्टंगडी त्यांच्याच तुकडीतले. अल्काझींच्या शाळेत विद्यार्थ्याला एकाच शैलीत रमू देत नसत. तिथे त्यांनी जपानी काबुकीत काम केलं, आणि कन्नड लेखक शिवराम कारंतांच्या मार्गदर्शनाखाली यक्षगानही. यक्षगान तोवर पुरुषांचंच होतं.

या दोन्ही शैलींमध्ये शरीराचा भार कमरेखाली, वाकवलेल्या गुडघ्यांमध्ये ठेवावा लागतो. यक्षगानात डोक्यावर जड मुकुट, अंगावर जाडजूड पोशाख आणि पावलं चेंडे या ढोलासारख्या वाद्याच्या तालात. काबुकीत ऐन भरात पूर्ण स्थिर व्हायचं असतं आणि ती स्थिरताही प्रेक्षकापर्यंत पोचावी लागते. असं शिकलेल्या शरीराला भार कुठे ठेवला की काय दिसतं ते ठाऊक असतं. मग कस्तुरबांसाठी भार थोडा मागे टाचांवर नेला की वय चढतं. ‘अर्थ’मधल्या मोलकरणीसाठी तोच भार पुढे आणला की कष्टाची लगबग येते. ती मोलकरीण मुलीच्या शाळेसाठी जमवलेले पैसे नवऱ्याने उधळल्यावर त्याचा खून करते. पडद्यावर हे भडक होण्याचा पुरेपूर धोका होता. त्या ते कबुलीसारखं, जवळजवळ न हलता सांगतात, आणि तिथे काबुकीतल्या त्या स्थिरतेची आठवण होते.

नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायला ओरडावं लागतं, मग तीच अभिनेत्री पडद्यावर हळू कशी बोलू शकते? (छत्रपती संभाजीनगर)

ओरडावं लागत नाही, तिथेच गैरसमज आहे. आपल्या बहुतेक नाट्यगृहांत रंगमंचाच्या कडेला जमिनीलगत माइक असतात. त्यांना आवाजाची उंची कमी आणि स्पष्टता जास्त लागते. ओरडलं की स्वर ऐकू येतात आणि व्यंजनं हरवतात.

आणखी एक अडचण मराठीतच आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, नकारसुद्धा. ‘मी त्या घरात पुन्हा जाणार नाही’ यातलं ‘नाही’ श्वास संपल्यामुळे पडलं तर मागच्या रांगेला उलटाच अर्थ कळतो. रोहिणी हट्टंगडी यांचं कोणतंही नाटक ऐका, शेवटचा शब्द कधी गिळलेला सापडणार नाही. सराव असा : वाक्य आधी शेवटचे दोन शब्द, मग शेवटचे चार, मग सहा असं मागून वाढवत म्हणायचं. आठवडाभरात शेपटी पडणं थांबतं.

कॅमेऱ्यासमोर व्यंजनं तीच ठेवायची, फक्त श्वासाचा दाब कमी करायचा. रंगभूमीवरून आलेल्यांचं तिथे बहुतेक वेळा भुवयांमुळे फसतं. लांबच्या प्रेक्षकासाठी भुवया वर नेण्याची सवय लागलेली असते आणि क्लोजअपमध्ये ती ओरडण्यासारखी दिसते.

इतक्या लवकर कस्तुरबा केल्यामुळे त्यांच्यावर आईचा शिक्का बसला, यात त्यांचं नुकसान झालं नाही का? (कोल्हापूर)

झालं, आणि ते हिंदी चित्रपटसृष्टीच्या आळसामुळे झालं असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्या अभिनेत्रीने तिशीत ७४ वर्षांची बाई उभी केली तिला पुढे काहीही देता आलं असतं. मिळाल्या बऱ्याचशा आयाच. तरी त्यातूनही ‘चालबाज’मधली दुष्ट काकू अंबा निसटली, आणि १९८४ ची ‘पार्टी’ तर त्यांच्या सगळ्यात धारदार कामांपैकी. महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून गोविंद निहलानींनी केलेल्या या चित्रपटात त्या मोहिनी आहेत : रंगभूमी सुटलेली, दारूत बुडालेली, नामवंत लेखकाच्या सावलीत विझलेली नटी. स्वतः रंगभूमी न सोडलेल्या अभिनेत्रीने ही भूमिका केली आहे, हे लक्षात ठेवून बघावी. दारू प्यायलेलं माणूस तोल जात असताना तोल गेलेला नाही हे दाखवायची धडपड करतं, आणि त्यांनी केली आहे ती ही धडपड. नवखे नट झोकांड्या देतात.

नुकसान भरून निघालं ते रंगभूमीवर. स्पॅनिश नाटककार लोर्काच्या ‘येर्मा’वरून आलेलं ‘चांगुणा’, ग्रीक ‘मीडिया’, आणि एकटीने पेललेलं ‘अपराजिता’ ही जयदेव हट्टंगडी यांच्या दिग्दर्शनातली कामं. जयदेव २००८ मध्ये गेले. छोट्या पडद्यावर ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका दहा वर्षांहून जास्त चालली, भाग तीन हजारांच्या पुढे गेले. मालिकेला कमी लेखणाऱ्यांनी एवढा विचार करावा की तिथे पानं अनेकदा त्याच दिवशी हातात पडतात, तालीम म्हणजे एकदा वाचन, आणि व्यक्तिरेखा वर्षानुवर्षं एकाच पट्टीत ठेवायची असते.

‘चारचौघी’च्या नव्या संचात त्या आई झाल्या. आता स्वतःच्या वयाची भूमिका, म्हणजे सोपं काम ना? (ठाणे)

प्रशांत दळवींचं हे नाटक १९९१ चं. तेव्हा आईचं काम दीपा श्रीराम करत. मूळ दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णींनीच २०२२ मध्ये ते पुन्हा आणलं तेव्हा आई रोहिणी हट्टंगडी होत्या, वय ७१. सोपं मुळीच नाही. तरुणपणी म्हातारी करताना शरीर हुकमात असतं आणि थकवा फक्त दाखवायचा असतो. सत्तरीत थकवा खरा असतो, आणि तो नेमका जिथे हवा तिथेच दिसू द्यायचा असतो. शिवाय या नाटकातली आई ही खचलेली बाई नाही, मुलींच्या आयुष्यातल्या उलथापालथीत ताठ उभी राहणारी आहे. त्यामुळे काम उलट दिशेने करावं लागतं : वयाचा भार असताना कणा सरळ. दौऱ्यातल्या प्रयोगांना प्रवासाचा शीण अंगावर असतोच. उपाय साधे आणि जुनेच आहेत. प्रयोगाच्या दोन तास आधी पोचणं, जेवण हलकं आणि लवकर, पहिल्या घंटेआधी पूर्ण रंगमंच एकदा चालून पायऱ्या आणि विंगेतल्या वायरी बघून घेणं.

आम्हाला ‘चांगुणा’ स्पर्धेत करायचं आहे. लोर्का १९३६ मध्येच वारला, मग परवानगी लागते का? (अकोला)

लागते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, त्या हिशोबाने लोर्काच्या मूळ नाटकावरचा हक्क संपला आहे. पण ‘चांगुणा’ हे मराठी रूपांतर आहे, आणि रूपांतर करणाऱ्याचा हक्क स्वतंत्र असतो. त्याची ६० वर्षं त्याच्या स्वतःच्या मृत्यूनंतर मोजली जातात. तेव्हा रूपांतरकार किंवा वारस यांचं लेखी पत्र घ्या. त्यात नाटकाचं नाव, संस्थेचं नाव, प्रयोगांची संख्या, स्पर्धेचं वर्ष आणि मानधन स्पष्ट लिहून घ्या. ‘हरकत नाही’ एवढ्या एका ओळीवर पुढच्या फेरीत अडचण येते. संहितेत काटछाट करणार असाल तर तीही पत्रात नमूद हवी. त्याशिवाय रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नाटकाचे आधी प्रयोग झालेले असल्यामुळे जुनं प्रमाणपत्र असण्याची शक्यता आहे. त्याची प्रत ज्या संस्थेने नाटक केलं होतं तिच्याकडे मागा. तुमची संहिता आणि प्रमाणित संहिता यांत फरक असेल तर नव्याने अर्ज करावा लागेल, म्हणून हे काम तालमी सुरू व्हायच्या आधी उरका.